निदानात कुटुंबाचा वाटा

१९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील एका वकिलाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना एक टंकलिखित पत्र पाठविले. पत्र ३३ पानांचे होते. आपला पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड एकटाच रमतो, वाटोळ्या वस्तू गरगर फिरवीत बसतो आणि त्यात व्यत्यय आला की अनावर होतो, असे बारीकसारीक तपशील पित्याने त्यात नोंदविले होते. पुढे १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पहिले मूल हेच. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, या अवस्थेचे वैद्यकीय वर्णन अशा रीतीने एका पित्याच्या निरीक्षणापासून सुरू झाले.

दुर्दैवाने पुढील काळात साक्षीदारालाच आरोपी ठरविण्यात आले. मातापित्यांच्या, विशेषतः मातेच्या, भावशून्य वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते, हे मत बराच काळ प्रभावी राहिले. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने त्याचा मोठा प्रसार केला. एका स्वमग्न मुलाचे पिता असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच त्याचे खंडन करून या अवस्थेचे मूळ जैविक असल्याचे प्रतिपादन केले होते. तो आरोप आज निराधार ठरला आहे. तथापि, पालकांचे सांगणे भावनेच्या भरातले समजून बाजूला सारण्याची प्रवृत्ती अजूनही अधूनमधून आढळते. तिने किती हानी होते, हे मुलाच्या कार्यकारी क्षमतेचा विचार करताना विशेष स्पष्ट होते.

कार्यकारी क्षमता म्हणजे काय? ‘शाळेला निघायचे आहे’ एवढे एकच वाक्य घ्या. ते अमलात आणण्यासाठी मुलाला हातातला खेळ थांबवावा लागतो. स्नान, कपडे, न्याहारी, दप्तर हा क्रम मनात धरून ठेवावा लागतो. आणि नेहमीचा सदरा वाळला नसेल तर दुसरा चालवून घ्यावा लागतो. आवर घालणे, लक्षात धरून ठेवणे, योजना आखणे आणि प्रसंगानुसार बदलणे या शक्तींना मिळून मानसशास्त्रात हे नाव दिले जाते. मेंदूच्या अग्रखंडाचा या कार्यात मोठा वाटा असतो. अनेक स्वमग्न मुलांमध्ये यांपैकी काही शक्ती दुर्बल असतात. म्हणूनच मोठमोठे आकडे मुखोद्गत असलेले मूल एक पायमोजा हातात धरून अर्धा तास बसून राहते. हा आळस नव्हे, हट्टही नव्हे.

आता हेच मूल तज्ज्ञाच्या खोलीत कसे दिसते ते पाहू. खोली शांत असते. समोर एकच व्यक्ती, टेबलावर एकच काम. आरंभ केव्हा करायचा, पुढे काय करायचे आणि केव्हा थांबायचे, हे परीक्षक सांगतो. म्हणजे ज्या शक्तीची परीक्षा घ्यायची, तीच परीक्षक नकळत मुलाला उसनी देत असतो. मूल चाचणीत उत्तम गुण मिळविते आणि ‘घरी मात्र काहीच जमत नाही’ हे आईचे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटू लागते. वस्तुतः दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी पालक आणि शिक्षक यांच्याकरिता स्वतंत्र प्रश्नावल्या तयार झाल्या. २००० साली प्रसिद्ध झालेली ‘ब्रीफ’ ही त्यांपैकी एक होय. आपल्या देशातील स्वमग्नतेच्या मापनश्रेणीत ४० विधाने आहेत. तीतही मुलाच्या निरीक्षणाबरोबर पालकांशी होणाऱ्या संभाषणाला स्थान आहे.

मात्र कुटुंबाच्या साक्षीलाही मर्यादा असतात. आई रोज एकेक कपडा मुलाच्या हाती देते आणि विचारल्यावर ‘तो आपला आपण कपडे घालतो’ असे सांगते. तिची मदत तिच्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिला ती दिसतच नाही. म्हणून तज्ज्ञाने ‘कपडे घालता येतात का?’ असे न विचारता ‘आज सकाळी काय काय घडले?’ असे विचारावे. पालकांनीही ‘फार त्रास देतो’ असे मोघम न सांगता प्रसंग टिपून ठेवावेत : आधी काय घडले, किती वेळ गेला, कोणी किती वेळा आठवण करून दिली, आणि कोणत्या उपायाने काम सुकर झाले. आजी-आजोबा व शिक्षक यांची निरीक्षणेही जोडावीत. लहानपणाच्या हकिगतीलाही महत्त्व आहे. कारण पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल कसे होते, हे बहुधा घरच्यांनाच ठाऊक असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कार्यकारी क्षमतेतील दौर्बल्य म्हणजेच स्वमग्नता नव्हे. अवधानाच्या विकारातही ते आढळते, आणि प्रत्येक स्वमग्न मुलात ते सारखेच असते असेही नाही. स्वमग्नतेचे निदान सामाजिक देवाणघेवाणीतील अडचणी आणि ठरावीक, पुनरावर्ती वर्तन यांवरून केले जाते. परंतु मुलाला कोणते साहाय्य हवे, हे ठरविताना त्याची सकाळ कशी जाते, हे जाणून घ्यावेच लागते. भिंतीवर लावलेली चित्रांची क्रमवार मालिका, किंवा बदलाची आधी दिलेली सूचना, एवढ्यानेही काही मुलांचा दिवस सुकर होतो. त्या सकाळचे वर्णन कोणत्याही चाचणीत सापडत नाही. ते घरच्या माणसांनी सांगावे लागते आणि तज्ज्ञाने ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागते. कॅनर यांनी ती ३३ पाने वाचली होती, हे येथे विसरता कामा नये.