संगणकीय वहीतील चंडीगड
ज्युपिटर नोटबुक या संगणकीय वहीत आज्ञावली, तिने काढलेला नकाशा आणि टिपण एकत्र राहतात; त्यामुळे चूक कोठे झाली हे इतरांनाही तपासता येते. सरावासाठी चंडीगड सोयीचे. ल कार्बुझिए यांच्या आराखड्यातील प्रमाण सेक्टर सुमारे 800 बाय 1,200 मीटर, म्हणजे 0.96 चौ.कि.मी. अक्षांश-रेखांशांवरून थेट क्षेत्रफळ काढल्यास मात्र उत्तर 'चौरस अंशां'त येते व ते निरुपयोगी ठरते. कारण येथे अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 कि.मी., तर रेखांशाचा 96 कि.मी. भरतो. म्हणून प्रथम मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, येथे यूटीएम विभाग 43 उत्तर, रूपांतर करावे लागते. 2011 च्या जनगणनेतील 10,55,450 लोकसंख्येस 114 चौ.कि.मी.ने भागल्यावर 9,258 ही घनता मिळते. भाजक चुकला, तर शाळा-दवाखान्यांची गरजही चुकीची मोजली जाते.