शाळेचे दार आणि शिक्षणाचा दर्जा

‘कॉन्व्हेंट’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे एक ठरलेले चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. इस्त्रीचा गणवेश, शिस्तीची रांग, सफाईदार इंग्रजी आणि प्रवेशासाठी फाटकापाशी ताटकळणारे पालक. नोकरीनिमित्त परप्रांतात गेलेले मराठी कुटुंबही नव्या गावी बिऱ्हाड नीट लागण्यापूर्वीच अशा शाळेची चौकशी करू लागते. या ओढीच्या मुळाशी एक समजूत असते, ती अशी की चांगली शाळा म्हणजे निवडक मुलांची शाळा. दार जितके अरुंद, तितका दर्जा उंच. नाना धर्मांची, भाषांची आणि विशेषतः नाना आर्थिक स्थितींची मुले एकत्र आली, तर पुढे असलेल्यांची गती मंदावेल, असे भय पुष्कळांना वाटते. या भयात तथ्य किती, हे केवळ तत्त्वचर्चेने ठरणार नाही. एखाद्या शाळेने प्रत्यक्ष काय केले, तेच पाहिले पाहिजे.

कोलकात्याच्या सियालदा भागात लोरेटो धर्मभगिनींची एक शाळा आहे. या कॅथलिक संस्थेच्या भगिनी १८४१ साली आयर्लंडहून कोलकात्यास आल्या आणि १८५७ साली सियालदाची शाळा सुरू झाली. १९७९ साली सिस्टर सिरिल मूनी या तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्याही मूळच्या आयर्लंडच्याच. त्या वेळी शाळेत सुमारे ७९० मुली होत्या व त्यांपैकी गरीब घरच्या अवघ्या ९० होत्या. पुढील वीस वर्षांत ही संख्या १,४०० च्या घरात गेली आणि त्यांतील निम्म्या मुली फी न देता शिकू लागल्या. फी देणाऱ्या व न देणाऱ्या मुलींचे वर्ग मात्र वेगळे केले गेले नाहीत. वर्ग एक, गणवेश एक आणि अभ्यासक्रमही एकच राहिला.

तथापि शाळेच्या भिंतीबाहेर आणखी एक प्रश्न उभा होता. सियालदा हे देशातील अत्यंत गजबजलेल्या रेल्वे स्थानकांपैकी एक. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येथेच उतरले होते. या परिसरातील फलाटांवर व पदपथांवर वाढणारी मुले शाळेच्या दारापर्यंतही पोहोचत नव्हती. आठ-दहा वर्षांच्या अशा मुलीला एकदम पहिलीच्या वर्गात बसविले, तर ती लहान मुलांत ओशाळते आणि तिच्या वयाच्या वर्गात बसविले, तर तिला काहीच उमगत नाही. दोन्ही वाटा तिला पुन्हा रस्त्यावरच नेऊन सोडतात.

१९८५ साली शाळेने यावर जो उपाय योजिला, तो ‘रेनबो’, म्हणजे इंद्रधनुष्य, या नावाने ओळखला जातो. पाचवीपासून पुढच्या इयत्तांतील मुलींना कार्यशिक्षणाचे तास असतात. त्या तासांना एकेका वर्गातील मुली पाळीपाळीने येत आणि एकेका मुलास जवळ बसवून लिहावयास, वाचावयास व आकडेमोड करावयास शिकवीत. एक वर्ग उठला की दुसरा येई. त्यामुळे रस्त्यावरचे मूल केव्हाही आले, तरी त्याला शिकविणारे कोणी ना कोणी भेटेच. काल आले नाही म्हणून आज त्याचा धडा चुकत नसे, कारण धडा त्याच्याच गतीने चाले. पुरेशी तयारी झाली की त्याला त्याच्या वयास साजेशा इयत्तेत नेहमीच्या शाळेत दाखल केले जाई. याखेरीज दर गुरुवारी शाळेतील मुलींचे गट खेड्यांतील प्राथमिक शाळांत जाऊन शिकवीत.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकविणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांकडून मुळाक्षरे गिरवून घेत. मद्रासेत सैनिकांच्या मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी ही पद्धत अवलंबिली आणि १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहून ती इंग्लंडात नेली. परंतु तेथे तिचा मुख्य उपयोग झाला तो खर्च वाचविण्यासाठी. थोड्या शिक्षकांच्या हातून शेकडो मुले शिकविण्यासाठी. सियालदाच्या पद्धतीचे मर्म नेमके उलट आहे. येथे एका मुलामागे एक शिकविणारी आहे.

यात शिकविणाऱ्या मुलीचे काय होते, हा पालकांच्या मनातला खरा प्रश्न. हातच्याची वजाबाकी स्वतः करणे निराळे आणि हातचा का घ्यावा लागतो, हे दुसऱ्याला पटविणे निराळे. समोरचे मूल ‘का?’ म्हणून विचारते, तेव्हा पाठांतर कामास येत नाही. मुळाशी जावे लागते, दुसरे उदाहरण शोधावे लागते आणि धीरही धरावा लागतो. १९८२ साली कोहेन आणि कुलिक दांपत्य या अमेरिकी अभ्यासकांनी अशा अध्यापनावरील ६५ पाहण्या एकत्र तपासल्या. शिकणाऱ्यांची प्रगती झालीच; पण शिकविणाऱ्या मुलांचीही त्या विषयातील समज वाढलेली त्यांना आढळली. म्हणजे दिलेला वेळ वाया जात नाही, तो देणाऱ्याच्याही पदरी पडतो.

या प्रयोगाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. शिकाऊ मुलगी ही प्रशिक्षित शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. तिच्यामागे जाणत्या शिक्षिकेची देखरेख लागते. विनामूल्य शिक्षणाचा खर्च कोठून तरी उभा करावा लागतो. मुलींची भिन्न पार्श्वभूमी एका बाकावर बसविल्याने आपोआप पुसली जात नाही. इंग्रजी घरी कानावर न पडलेल्या मुलीला अधिक आधार द्यावाच लागतो. वर्गात मुले केवळ मिसळली म्हणजे शिक्षण सुधारत नाही. त्यासाठी वेळापत्रकात जागा राखून ठेवावी लागते. सियालदाच्या शाळेचे यश या योजकतेत आहे.

पुढे २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, असे त्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना व २०१४ साली सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. सियालदाच्या शाळेने निम्म्या जागा खुल्या केल्या, त्या या कायद्याच्या कितीतरी आधी आणि स्वेच्छेने. सिस्टर सिरिल यांना १९९४ साली युनेस्कोचे नोमा साक्षरता पारितोषिक आणि २००७ साली पद्मश्री मिळाली. २०११ पर्यंत त्यांनी शाळेची धुरा वाहिली. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

शाळा निवडताना पालक निकालाचे आकडे पाहतात, इमारत पाहतात, शिक्षकांच्या पदव्या पाहतात आणि ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक चौकशी करावयास हरकत नाही. मागे राहिलेल्या मुलासाठी ही शाळा काय करते आणि पुढे गेलेल्या मुलाकडून काय करून घेते? या दोन प्रश्नांची उत्तरे जेथे समाधानकारक मिळतात, तेथे आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसणार, याची काळजी पालकांनी करण्याचे कारण नाही.