महाराष्ट्र केसरी : एका गदेचा हिशोब

आपल्या हॉस्टेलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचे सगळे पट्टे तोंडपाठ असणारे निदान दहा जण तरी निघतील. त्यातल्याच एकाने मला मध्यंतरी युरोपियन चॅम्पियनशिपचा इतिहास ऐकवला. 1997 साली बर्लिनमध्ये ब्रिटिश बुलडॉगने ओवेन हार्टला हरवून तो पट्टा पहिल्यांदा घेतला. 2002 मध्ये रॉब व्हॅन डॅमने तो जेफ हार्डीकडून जिंकला आणि लगेच तो इंटरकॉन्टिनेंटल पट्ट्यात विलीन होऊन संपला. पाच-साडेपाच वर्षांचं आयुष्य! नाव युरोपियन, पण मिरवला जास्त करून अमेरिकनांनी. आणि कोण जिंकणार हे आधीच कागदावर ठरलेलं.

मी म्हटलं, बाबा रे, एवढं पाठ आहे तर सांग, महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा कुठे झाली? तो म्हणाला कोल्हापूर. मग पुणे. मग सांगली. शेवटी गप्प.

उत्तर आहे औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. साल 1961. आम्हा गंगापूरकरांच्या तर हाकेच्या अंतरावर. पण आमच्याकडेही हे माहीत असणारी माणसं फारशी सापडत नाहीत, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. कुस्तीला पूर्वी राजाश्रय होता. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, पैलवान पोसले आणि खासबाग मैदान बांधलं. संस्थानं विलीन झाली आणि हा आश्रय आटला. मल्लाचा खुराक तर काही कमी होत नाही, दूध, तूप, बदाम रोज लागतातच. मग ही जबाबदारी कोणी घ्यायची? 1953 मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. मामासाहेब मोहोळ हे तिच्यामागचं मोठं नाव. इकडे 1959 मध्ये दिल्लीला श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले आणि अख्ख्या महाराष्ट्रात कुस्तीचं वारं भरलं. 1 मे 1960 ला राज्य झालं. नव्या राज्याचा सर्वांत मोठा मल्ल कोण, हा प्रश्न पुढच्याच वर्षी विचारला गेला. आणि तो विचारायला मैदान निवडलं मराठवाड्यातलं, जो भाग 1948 पर्यंत निजामाकडे होता आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. हे मुद्दाम केलं की योगायोगाने घडलं, यावर मी वाद घालणार नाही. पण मला ते आवडतं.

त्या पहिल्या अधिवेशनात (या स्पर्धेला जुनी माणसं अजून अधिवेशनच म्हणतात) दिनकर दह्यारी महाराष्ट्र केसरी झाले. दुसऱ्या वर्षी धुळ्याला भगवान मोरे. तिसऱ्या वर्षी साताऱ्याला... कोणीच नाही! 1963 च्या रकान्यात विजेत्याचं नाव नाही, ‘अनिर्णित’ असं लिहिलेलं असतं. यादीत अशी रिकामी वर्षं आणखीही आहेत. मला ही रिकामी वर्षं भरलेल्या वर्षांइतकीच महत्त्वाची वाटतात. कारण जुन्या कुस्तीत जिंकणं म्हणजे चीतपट करणं, दुसरी वाटच नव्हती. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन तगडे मल्ल तासभर एकमेकांचं बळ मोजत राहिले, तर शेवटी पंच हात धरून कुस्ती बरोबरीत सोडवणार. लोक नाराज होतील, पण खोटा विजेता कोणी जाहीर करणार नाही. आपल्याकडे अशी सोय असती तर किती व्हायव्हा अनिर्णित राहिले असते!

यादी पुढे वाचली की एक गंमत दिसते. गणपत खेडकर 1964 आणि 1965, चंबा मुतनाळ 1967 आणि 1968, दादू चौगुले 1970 आणि 1971, लक्ष्मण वडार 1972 आणि 1973. सगळे डबल महाराष्ट्र केसरी, पण तिसऱ्यांदा सलग कोणी नाही. मध्ये 1969 ला एकटे हरिश्चंद्र बिराजदार, तेही लातूरच्या मैदानात. बिराजदार लातूर जिल्ह्यातलेच. घरच्या मातीत, घरच्या माणसांसमोर त्यांनी गदा उचलली. दादू चौगुल्यांनी पुढे 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं आणि त्यांचा मुलगा विनोदही महाराष्ट्र केसरी झाला. सलग तीनचा डोंगर चढायला 2013 उजाडावं लागलं. नरसिंग यादवने 2011, 2012 आणि 2013 अशा तीन गदा नेल्या. लगेच त्याच्यामागून जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरीने 2014, 2015, 2016 अशी तिहेरी केली. पन्नास वर्षं कोणाला न जमलेली गोष्ट सहा वर्षांत दोघांना जमली. माझ्या मते याचं मोठं कारण मॅट आहे. गुणांवर निकाल लागायला लागला की चांगल्या मल्लाचं सातत्य मोजता येतं. मातीत एखादा हुशार बचाव करणारा त्याला बरोबरीत अडकवू शकत होता.

आता थोडं तांत्रिक. (मेकॅनिकलवाल्यांनी झोपू नये, तुमचाच भाग येतोय.) या स्पर्धेत दोन विभाग असतात, माती आणि गादी. गादी म्हणजे मॅट. दोन्हीकडून एकेक विजेता निघतो आणि त्या दोघांची शेवटची लढत होते ती गादीवर. म्हणजे मातीवाल्याला महाराष्ट्र केसरी व्हायचं तर शेवटी माती सोडावीच लागते. लाल माती ही काही शेतातली माती नसते. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मुरवतात. तिच्यात पाय थोडा रुततो, अंगाला घाम आला की माती चोळून पकड घट्ट करता येते. मॅटवर पाय रुतत नाही, हालचाल दुप्पट वेगाने होते आणि दम लवकर लागतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, त्याच्या बाहेर पाय गेला की समोरच्याला एक गुण. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला की दोन. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली.

खरी भानगड आहे ती चार गुणांची. उभ्या स्थितीतून उचलून समोरच्याला थेट धोकादायक स्थितीत टाकलं तर चार गुण मिळतात. आता धोकादायक स्थिती म्हणजे काय? पाठ मॅटच्या बाजूला, आणि पाठ व मॅट यांच्यातला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी. म्हणजे बघा, महाराष्ट्र केसरी कोण हे ठरतं शेवटी एका कोनावर, आणि तो कोन पंचाला डोळ्यांनी मोजायचा आहे, तोही सेकंदाच्या काही भागात. जानेवारी 2023 मध्ये पुण्याला महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत हेच झालं. महेंद्रने बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि त्यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला. सिकंदरची पाठ तेवढी कलली होती का? चहाच्या टपरीवर, एसटीत, आमच्या मेसमध्ये, जो तो मोबाईलवर व्हिडिओ थांबवून कोन मोजत होता. ग्राफिक्सच्या पेपरला एवढा अभ्यास कोणी केला नसेल. अंतिम लढतीत शिवराज राक्षेने त्याच महेंद्रला अवघ्या 55 सेकंदांत चीतपट केलं. नोव्हेंबर 2023 मध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदरने त्याच शिवराजला मिनिटभराच्या आत आस्मान दाखवलं आणि गदा घेतली.

इथपर्यंत ठीक. पण त्याच नोव्हेंबरात धाराशिवलाही एक महाराष्ट्र केसरी झाली आणि ती शिवराज राक्षेने जिंकली! म्हणजे एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी. कारण कुस्ती नाही, संघटना. 2022 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि खरी संघटना आम्हीच असं म्हणणारे दोन गट झाले. 2025 मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ विजेता, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके विजेता. अहिल्यानगरच्या स्पर्धेत तर उपांत्य लढतीत पंचांनी शिवराज राक्षे चीत झाल्याचा निर्णय दिला. त्याचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. वाद इतका वाढला की त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

पंचाला लाथ मारणं चूकच, त्यात दुमत नाही. पण चीतपटचा निर्णय एकट्या मुख्य पंचाचा नसतो हेही लक्षात घ्या. बाजूचा पंच आणि मॅटचा प्रमुख असे आणखी दोघे असतात आणि दुसऱ्या कोणाची तरी संमती लागते. ही पद्धत शांतपणे पाळली आणि व्हिडिओ सर्वांसमोर दाखवला तर निम्मे वाद तिथेच मिटतील. आमच्या एका ईएनटीसीच्या मित्राने मॅटखाली प्रेशर सेन्सर टाकायची कल्पना काढली होती, फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून. मी म्हटलं, खांदा टेकल्याचं कळेल रे, पण तो खांदा कोणाचा हे सेन्सर कसं सांगणार? प्रोजेक्ट तिथेच चीत.

गदेबद्दल सांगायचं राहिलंच. विजेत्याला चांदीची गदा मिळते. मामासाहेब मोहोळांच्या पश्चात त्यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबाकडून ती देण्याची प्रथा पडली. पुण्यातलं पानघंटी कुटुंब ती घडवतं. आतून सागवानी लाकूड आणि वरून चांदीचा पातळ पत्रा. वजन साधारण दहा-बारा किलो. पूर्ण चांदीची केली तर काय होईल याचं गणित घनतेवरून करून बघा. चांदी 10.5, साग सुमारे 0.65. तेवढ्याच आकाराची भरीव चांदीची गदा विजेत्यालाही खांद्यावर पेलवणार नाही.

आणि आता मला खटकणारी गोष्ट. ही गदा कोणाला मिळू शकते? केसरी गटाचं वजन 86 ते 125 किलो. त्याखालचे मल्ल आपापल्या वजनगटात सुवर्णपदक घेतात, फोटो निघतो, संपलं. आता आठवा, स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कोणी दिलं? 1952, हेलसिंकी, खाशाबा जाधव. गट बँटमवेट, 57 किलो. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण कोणी आणलं? आपल्या बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेने. वजन पुन्हा 57 किलो! 2019 मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं ते 61 किलोत. म्हणजे जगात नाव काढणारे हे दोघे महाराष्ट्र केसरीच्या वजनकाट्यावर उभेसुद्धा राहू शकले नसते. नरसिंग यादव आंतरराष्ट्रीय मॅटवर 74 किलोत खेळायचा आणि इथे भारी गटात लढून जिंकायचा, तो अपवादच म्हणायचा.

हे मी उगाच म्हणत नाही. माझा आतेभाऊ गंगापूर तालुक्यातल्याच एका गावचा, 57 किलोत खेळतो. आमच्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. हलगी वाजते, लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि बोली वाढत वाढत शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत जाते. तिथे लोक वजन बघतात, शरीर बघतात. आत्याने दोन म्हशी ठेवल्या त्या याच्या दुधासाठी, मामांनी अर्धा एकर गहाण टाकलं ते तालमीच्या खर्चासाठी. पोरगा राज्यात तिसरा आला तर गावात पहिला प्रश्न, ‘मग महाराष्ट्र केसरी कधी?’ तो काय उत्तर देणार? वजन वाढवून तो 86 ला जाऊ शकत नाही, गेला तर कुस्ती बिघडेल. राहुल आवारे, विजय चौधरी, नरसिंग यादव पोलिस उपअधीक्षक झाले, एवढीच आशा घरात आहे. प्रत्येक वजनगटाच्या विजेत्याला लहान का होईना गदा द्यावी, असं मला वाटतं. खर्च फार नाही, लाकूडच तर जास्त असतं.

जाता जाता एक चांगली बातमी सांगायला हवी. मार्च 2023 मध्ये सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवलं आणि ती पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. पुरुषांनंतर 62 वर्षांनी का होईना, सुरुवात झाली. आतेभावाच्या गावच्या हगाम्यात यंदा मुलींच्या चार जोडी लागल्या. एक निकाली झाली, तीन पंचांनी बरोबरीत सोडवल्या, आणि रेवड्या मात्र आठही जणींना मिळाल्या.