पॅडेलची ‘मेलेली’ रॅकेट

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात लिहायचे म्हणजे एखादी कविता, नाहीतर सहलीचे वर्णन, असा आमच्या वर्गात समज आहे. मला कविता जमत नाही, आणि गेल्या वर्षीच्या सहलीला मी आले नव्हते. तेव्हा जे रोज माझ्या हाताखालून जाते त्याविषयीच लिहिते. सकाळी सहा ते नऊ मी पुण्याच्या एका उपनगरातील पॅडेलच्या मैदानावर काउंटर सांभाळते. आलेल्या मंडळींना रॅकेट आणि चेंडू द्यायचे, वहीत नोंद करायची, खेळ संपला की काचा पुसून घ्यायच्या, हे माझे काम. पहिल्या तासाला मी कधीकधी धापा टाकत येते ती ह्यामुळे, हे प्राध्यापकांनी ह्या निमित्ताने ध्यानात घ्यावे, ही नम्र विनंती.

पॅडेल आपल्याकडे नवे आहे, म्हणून आधी थोडी ओळख. १९६९ साली मेक्सिकोतील अकापुल्को येथे एनरिके कोरक्वेरा ह्या गृहस्थाने आपल्या घरी भिंतींनी वेढलेले एक लहानसे मैदान केले, तिथून हा खेळ सुरू झाला. १९७४ मध्ये तो स्पेनमधील मार्बेयाला गेला आणि लगेच पुढे अर्जेंटिनात. ह्या दोन देशांनी तो खरा वाढवला. मैदान २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, मध्ये जाळी, सभोवार काच आणि तारेचे कुंपण. खेळ चौघांचा. सर्व्हिस चेंडू एकदा जमिनीवर आपटून, कमरेच्या खालून करायची. गुण टेनिससारखे मोजतात. चेंडूही टेनिससारखाच दिसतो, फक्त त्यात हवेचा दाब थोडा कमी असतो.

रॅकेटला तारा मात्र नसतात. ती एक भरीव फळीच असते, ४५.५ सेंटिमीटरपेक्षा लांब नाही आणि ३८ मिलिमीटरपेक्षा जाड नाही. मध्ये भोके पाडलेली, आत रबरासारखा फेस भरलेला, वरून काचतंतू किंवा कार्बनचा पापुद्रा. मुठीला दोरी असते आणि ती मनगटात अडकवावीच लागते. स्पॅनिश भाषेत ह्या रॅकेटला ‘पाला’ म्हणतात. मला आधी शेळ्या आठवल्या. पण त्या भाषेत पाला म्हणजे फावडे. माझे वडील गवंडी आहेत. मी कॉलेजात जाऊन फावडेच हातात घेतले, हे कळल्यावर ते बराच वेळ हसत होते.

आता मूळ विषय. सकाळच्या बायकांच्या गटातल्या एका मॅडमनी गेल्या पावसाळ्यात आपली जुनी रॅकेट काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, “तुला हवी तर ठेव गं. मेलेली आहे ती, चेंडू जातच नाही पुढे.” नव्या रॅकेटची किंमत आमच्या घरी पंधरा-वीस दिवसांच्या मजुरीएवढी होते. मी ती घेतली. ती ‘कंट्रोल’ची रॅकेट होती. डोके गोल, आतला फेस जरा कडक, वर कार्बन. त्याच आठवड्यात मॅडमनी हिऱ्याच्या आकाराची, ताकदीची म्हणतात तशी नवी रॅकेट आणली.

काउंटरवर रिकामा वेळ मिळाला की मी दोन्ही बोटावर तोलून पाही. वजन दोन्हींचे जवळजवळ सारखे, ३६० ग्रॅमच्या आसपास. पण हिऱ्याची रॅकेट तोलायला बोट डोक्याकडे न्यावे लागे, गोलाचीला मुठीकडे. सारख्या वजनाच्या दोन वस्तू हाताला इतक्या वेगळ्या का लागाव्यात, हे मला पुस्तकातून उमगले नाही. वडिलांनी रॅकेट हातात घेऊन दोनदा हलवली आणि म्हणाले, “हिचं वजन मुठीपाशी हाय, थापीवानी. दिसभर चालव, मनगट दुखायचं न्हाई. वजन टोकाला असलं की घण झाला. घणानं भिंत पडती, पण गिलावा घण्यानं करत न्हाईत.” वजन मुठीपासून जितके दूर तितका फटका जड पडतो आणि तितकीच रॅकेट वळायला उशीर लावते, एवढाच ह्याचा अर्थ.

हा उशीर जाळीजवळ भोवतो. समोरच्याने जोरात मारलेला चेंडू टप्पा पडण्याआधी अडवायचा असतो. तिथे हात फिरवायला वेळच नसतो, फक्त रॅकेट जागेवर पोचली पाहिजे. गोल रॅकेट पोचते. शिवाय तिची उत्तम मार देणारी जागा बरोबर मधोमध आणि ऐसपैस असते, त्यामुळे चेंडू थोडा बाजूला लागला तरी ती हातात पिळवटत नाही. हिऱ्याच्या रॅकेटची ती जागा वर टोकाकडे आणि लहान. तिथे लागला तर वाहवा. दोन बोटे खाली लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या.

असे असूनही पहिले दोन महिने मीदेखील तिला मेलेलीच समजत होते. कारण मैदानाच्या मागच्या भागात ती काहीच फुकट देत नाही. मऊ फेसाची रॅकेट नुसती पुढे धरली तरी चेंडू उडून जातो, म्हणून नवशिक्यांना आम्ही तीच देतो. ही कडक. काचेवरून परतलेला चेंडू हिने नुसता अडवला तर जाळीपर्यंतही जात नाही. बायकांच्या गटात कोणी आले नाही की चौथी म्हणून मला बोलावीत, आणि माझा प्रत्येक उंच चेंडू, ज्याला लॉब म्हणतात, अर्ध्यावर पडे. अर्ध्यावर पडलेला लॉब म्हणजे समोरच्याला वाढून दिलेले ताट. मॅडमच त्यावर स्मॅश मारीत आणि म्हणत, “सांगितलं नव्हतं तुला?” डिसेंबरातल्या पहाटे तर आणखी हाल. थंडीत आतला फेस घट्ट होतो आणि चेंडूही मरगळतो.

मग एकदा लक्षात आले की माझे सर्वच लॉब *सारखेच* आखूड पडत आहेत. दर वेळी जवळपास त्याच जागी. मी पाय आधी लावून, खांद्यापासून हात सावकाश आणि लांब फिरवू लागले. लॉब दोन पावले पुढे पडू लागला. आणि तोही दर वेळी तिथेच. रॅकेट स्वतःचे काही घालत नव्हती, म्हणून चूक कोणाची ते कळत होते. उड्या मारणाऱ्या रॅकेटने एक चेंडू आखूड पडतो, दुसरा थेट मागच्या काचेवर आदळतो, आणि दोष कुणाला द्यावा ते समजत नाही.

ह्या खेळात त्या काचेला फार महत्त्व आहे. चेंडू समोरच्या बाजूला आधी जमिनीवर पडला पाहिजे. थेट काचेला लागला की गुण गेला. आणि जमिनीवर पडून जोरात काचेला लागला तर तो उसळून पुन्हा मैदानात येतो, म्हणजे समोरच्याला आयताच मिळतो. टेनिसमध्ये वेगाने मागे गेलेला चेंडू संपतो, इथे तो परत येतो. म्हणून जाणते खेळाडू डोक्यावरून आलेल्या चेंडूवरही पुष्कळदा स्मॅश न मारता ‘बांदेखा’ नावाचा फटका खेळतात. बांदेखा म्हणजे तबक. तबक धरल्यासारखी रॅकेट खांद्याजवळ आडवी न्यायची आणि चेंडू कापून, धिम्या गतीने, कोपऱ्यात सोडायचा, म्हणजे तो काचेवरून फारसा उठत नाही आणि आपल्याला जाळीजवळची जागा सोडावी लागत नाही. माझ्या रॅकेटचा खरा गुण मला इथे दिसला. एक उणीव सांगायला हवी : नव्या रॅकेटच्या पृष्ठभागावर काचकागदासारखा खरखरीतपणा असतो, तो माझ्या रॅकेटवरून झिजून गेला आहे, त्यामुळे चेंडू म्हणावा तसा कापला जात नाही.

आणि स्मॅशमध्ये ती कमीच पडते, हे कबूल केले पाहिजे. चेंडू इतक्या जोरात आपटायचा की तो उसळून कुंपणाबाहेरच जावा, हा फटका मला तिने एकदाही जमला नाही. फेब्रुवारीत मॅडमनी गंमत म्हणून एका सेटपुरत्या रॅकेटी बदलल्या. त्यांच्या हिऱ्याने माझा एक स्मॅश बाजूच्या कुंपणावरून बाहेर गेला; शेजारच्या मैदानावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच सेटमध्ये माझे चार लॉब सरळ काचेवर गेले आणि आम्ही २–६ हरलो. मॅडम मात्र जाळीजवळ एकही चेंडू सोडत नव्हत्या.

खेळ संपल्यावर त्यांनी माझी रॅकेट हातात फिरवत विचारले, “अगं, ही मी परत नेऊ का?”

मला काय बोलावे सुचेना. दिलेली वस्तू भेट होती की टाकून दिलेली, हे त्या वेळी आम्ही दोघींनीही ठरवले नव्हते. आणि काउंटरमागे उभे राहून मालकिणीसारखे ‘नाही’ म्हणणे माझ्या जिभेवर येत नव्हते. मी म्हणाले, “मॅडम, माझे लॉब आत्ता कुठे बसायला लागलेत.” त्या थोड्या थांबल्या. मग वही ओढून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले.

सध्या सोमवारी आणि गुरुवारी ती रॅकेट त्यांच्याकडे असते, बाकीचे दिवस माझ्याकडे. मुठीची पट्टी मी बदलली, तिचे निम्मे पैसे त्यांनी दिले.