जुना डबा, मोठा पडदा अन् डेअरीचा हिशेब

मुरघासाच्या प्रात्यक्षिकासाठी एका गावी गेलो होतो. खड्ड्यात मक्याची कुट्टी दाबून, वर कागद ओढून माती टाकेपर्यंत दुपार टळली. हातपाय धुऊन निघणार, तोच दूध संस्थेचे चेअरमन म्हणाले, "साहेब, जरा डेअरीत चला. मुरघासाचं नाही, कॉम्प्युटरचं काम आहे."

डेअरीत संचालक मंडळाची बैठक भरलेली होती. विषय एकच, सेक्रेटरी अण्णांना ठेवायचं की काढायचं.

अण्णा बावीस वर्षं त्या संस्थेचं दप्तर सांभाळतात. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. संस्थेकडे चौदा इंची लॅपटॉप. फॅटच्या मशीनवर आकडा बघायचा आणि लॅपटॉपवर हाताने टाकायचा, असं काम चाले. दहा दिवसांच्या एका बिलात एका बाईंच्या दुधाची फॅट चार वेळा ३.८ ऐवजी ३.३ पडली. वेळेला सहा लिटर दूध, त्या संस्थेच्या दरपत्रकाप्रमाणे लिटरमागे दीड रुपयाचा फरक, म्हणजे छत्तीस रुपये कमी गेले. बाई बिल घेऊन थेट चेअरमनच्या दारात. छत्तीस रुपये संस्थेने त्याच दिवशी दिले, पण "माझं चुकलं, तसं आणखी किती जणांचं चुकलं असेल?" हा त्यांचा प्रश्न गावभर झाला. दोन घरांनी दूध खासगी डेअरीकडे वळवलं.

तरुण संचालकांचं म्हणणं, एखादा शिकलेला पोरगा ठेवू. अण्णा कोपऱ्यात गप्प बसलेले. मी म्हटलं, "आधी ते काम कशावर करतात ते तरी बघू द्या."

लॅपटॉप उघडला अन् दुखणं लगेच दिसलं. डेअरीचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं. विंडोजमध्ये अक्षरं दीडपट करावी, तर या सॉफ्टवेअरची अक्षरं पाण्यात भिजलेल्या कागदासारखी पुसट होत. पुसट नको म्हणून अण्णांनी अक्षरं मूळ मापावर ठेवलेली, आणि मूळ मापावर ती ज्वारीच्या दाण्याएवढीही नव्हती. टेबलाच्या खणात भिंग होतं. ३ आणि ८ मधला फरक भिंगातून बघायचा आणि समोर पन्नास कॅनची रांग!

लॅपटॉपला आणखी एक उणीव होती. फॅटच्या मशीनमधून आकडा थेट कॉम्प्युटरात जाण्याची सोय असते, पण त्या मशीनला नऊ पिनांचं जुनं सिरियल पोर्ट लागतं, आणि ते अलीकडच्या लॅपटॉपला मिळत नाही. संस्थेने केबल कधीची माळ्यावर टाकून दिली होती.

मंडळाने पंचवीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी दाखवली. नव्या चांगल्या कॉम्प्युटरला आणि मोठ्या मॉनिटरला एवढ्यात भागत नव्हतं. मी सुचवलं, मॉनिटर नवा घ्या आणि कॉम्प्युटर जुना.

जुना म्हटल्यावर बैठकीत चुळबुळ झाली. पण शेतकरी बंधूंनो, जुना ट्रॅक्टर आपण घेतोच की. मोठ्या कंपन्या आपल्या हपिसातले कॉम्प्युटर बहुतेक भाडेकरारावर घेतात आणि तीन ते पाच वर्षांनी एकदम बदलतात. ते हजारोंनी बाजारात येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचं नेहरू प्लेस इथून ते जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचतात. त्यात एक जात जाडजूड पुस्तकाएवढ्या लहान डब्यांची असते. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी, लेनोव्हो थिंकसेंटर टायनी ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. वजन सव्वा किलोच्या आसपास, वीज थोडी खातात. मॉनिटरच्या पाठीला स्क्रूची भोकं मोकळी असतील तर पट्टी लावून डबा तिथेच टांगता येतो. डेअरीत रोज जमीन धुतली जाते, वर उंदीर. तिथे खाली ठेवायच्या मोठ्या कॅबिनेटपेक्षा हे बरं.

आता निवडीचं. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, जुंपून बघतो. इथे दात म्हणजे प्रोसेसरची पिढी. विकणारा "आय-सेव्हन आहे, घेऊन टाका" म्हणतो, त्यावर जाऊ नका. त्यापुढचा आकडा विचारा. आय-फाइव्ह ८५०० टी असेल तर पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. १०५०० असेल तर दहावी. ६५०० किंवा ७५०० असेल तर सहावी, सातवी. इंटेलची आठवी पिढी ही वेस आहे असं समजा, कारण मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे विंडोज ११ साधारणपणे तिथून पुढेच चालतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून सहाव्या-सातव्या पिढीचा माल स्वस्तात सुटला आहे. सहाव्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आपल्याला केव्हाही बरा. शेवटी 'टी' असलं की तो कमी वीज खाणारा, ३५ वॅटच्या जातीचा. हिशेबाच्या कामाला पुरून उरतो.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २०२३ साली मी घरी असाच एक डबा आणला, घासाघीस करून, मोठ्या ऐटीत. घरी आल्यावर कळलं की त्याला जुन्या मालकाचा पासवर्ड आहे. विंडोजचा नव्हे, त्याच्याही आधीचा, म्हणजे बायोसचा. विंडोज नव्याने टाकलं तरी तो जात नाही. दुकानदाराने हात वर केले. वायफायचं कार्डही आत नव्हतं. बायको अजून त्या डब्याला 'तुमची भाकड म्हैस' म्हणते. असो.

म्हणून या वेळी अण्णांना आणि एका संचालकाला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलो आणि दुकानदाराला आधीच सांगितलं, अर्धा तास चालवून बघणार. डबा बंद करून चालू केला आणि चालू होतानाच बायोसमध्ये शिरून पाहिलं. पासवर्ड मागतो का? मागितला असता तर तिथूनच परत फिरलो असतो. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन पाहिलं. तिथे डिजिटल लायसन्सने चालू असल्याचं दिसायला हवं. कंपन्यांच्या डब्यांना मूळचं लायसन्स बहुधा असतं, पण कोणी भलतंच काही टाकून दिलेलं असलं तर दोन महिन्यांनी पडद्यावर कटकट सुरू होते. नंतर एसएसडी डिस्क किती झिजली आहे ते पाहिलं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कची प्रकृती टक्क्यांत आणि चालल्याचे तास दिसतात. ट्रॅक्टरचा तासांचा मीटर बघतो, तसंच हे. मेमरी आठ जीबी आणि ती वाढवायला एक खाच रिकामी, असं मिळालं तर उत्तम.

पहिल्या डब्याचं सगळं ठीक होतं, पण त्याचं चार्जर दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं होतं. हे डबे लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरवर चालतात. डेलच्या ॲडॉप्टरमध्ये तर मधली एक बारीक पिन ओळख पटवायला असते. ओळख पटली नाही की चालू होताना डबा तक्रार करतो आणि पुढे संथ चालतो. विकणाऱ्याला दोष न देता आम्ही दुसरा डबा मागितला. त्याला मूळ ॲडॉप्टर होता आणि पाठीमागे, ज्यासाठी आलो होतो ते, नऊ पिनांचं सिरियल पोर्ट होतं. हे सगळ्या लहान डब्यांना नसतं, काहींनाच जोडलेलं असतं. नसेल तर यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर मिळतो, तोही चालतो. पण मूळचं असलं तर निमित्ताला जागा राहत नाही.

डबा तेरा हजार पाचशेला पडला, पक्कं बिल आणि तीन महिन्यांची हमी. हे दर पाण्यासारखे हलतात, मेमरी महागली की डबाही महागतो. तेव्हा माझा आकडा घेऊन कोणी दुकानदाराशी भांडू नये.

मॉनिटरच्या दुकानात खरी परीक्षा झाली. विक्रेता फोर-के दाखवायला लागला. पडदा इतका स्वच्छ की संचालक हरखून गेले. मी अण्णांना म्हटलं, आपलं सॉफ्टवेअर यावर कसं दिसेल ते बघू.

हे जरा समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. पडद्यावरचे ठिपके म्हणजे रानातली रोपं. फुल एचडी म्हणजे आडवी १९२० आणि उभी १०८० रोपं. तेवढीच रोपं चौदा इंची पडद्यावर दाटीवाटीने असतात, सत्तावीस इंची पडद्यावर तीच रोपं ऐसपैस लागतात. जुनं सॉफ्टवेअर एका अक्षराला ठरावीक ठिपके देतं. म्हणून चौदा इंची फुल एचडी लॅपटॉपवरचं अक्षर सत्तावीस इंची फुल एचडी मॉनिटरवर जवळजवळ दुप्पट मोठं दिसतं, तेही विंडोजमध्ये काही न ताणता, म्हणजे पुसट न होता. फोर-केमध्ये ठिपके चौपट. सत्तावीस इंचात फोर-के घेतला असता तर पैसे जास्त जाऊन अक्षर जवळपास लॅपटॉपएवढंच बारीक राहिलं असतं.

नेटाने सांगायचं तर डोळे अधू आणि सॉफ्टवेअर जुनं असेल, तर सत्तावीस इंच फुल एचडी. दुकानात जवळून बघितलं तर जरा भरड वाटतो. पण हाताच्या अंतरावर बसून आकडे वाचायला तोच बरा. ज्या ग्रामपंचायतीला गावठाणाचे नकाशे बघायचे आहेत किंवा शेजारी-शेजारी दोन उतारे ताडून पाहायचे आहेत, त्यांनी बत्तीस इंची आणि २५६० बाय १४४० ठिपक्यांचा बघावा. त्यात अक्षर चोवीस इंची फुल एचडीएवढंच, पण जागा जास्त. फोर-केच हवा असेल तर डब्याला डिस्प्लेपोर्ट असल्याची खात्री करा. त्या काळातल्या पुष्कळ डब्यांचं एचडीएमआय जुन्या १.४ जातीचं असतं. त्यावर फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतं आणि माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा ओढत जातो.

एक संचालक म्हणाले, "माझ्या घरी बत्तीस इंची टीव्ही पडून आहे, तोच लावू." टीव्ही पाहिला तर तो एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपके. अक्षर मोठं दिसलं असतं, पण उत्पादकाचं नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम हे सगळे रकाने एका पडद्यात मावले नसते. अण्णांना रक्कम बघायला दर वेळी बाजूला सरकावं लागलं असतं.

मॉनिटर नवा, दहा हजार दोनशेला. डब्याला दोन डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला एचडीएमआय. त्यासाठी डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल मिळते. मात्र ती एकाच दिशेने चालते, उलटी जोडून चालत नाही. केबल, कीबोर्ड, माउस मिळून नऊशे. सगळं मिळून चोवीस हजार सहाशे.

परत आल्यावर दोन दिवस गेले ते किरकोळ गोष्टींत. डब्याची तारीख मागे गेली होती, त्यामुळे कुठलीही वेबसाईट उघडली की 'सुरक्षित नाही' म्हणे. आतला नाण्याएवढा सेल, २०३२ नंबरचा, बदलला आणि तारीख लावली, संपलं. पंधरा दिवस ज्याला व्हायरस समजून पैसे मोजले जातात, तो कितीतरी वेळा हा सेल असतो. विंडोज आम्ही नव्याने टाकून घेतलं. दुसऱ्याच्या कंपनीचं काही आत राहायला नको. अर्थिंगची तार मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतली. डेअरीची जमीन ओली, तिथे हयगय परवडत नाही. जुनाच यूपीएस लावला. डबा आणि मॉनिटर दोन्ही कमी खाणारे, त्यामुळे संध्याकाळी संकलनात लाईट गेली तरी रांग उरकण्याइतका वेळ मिळतो.

सरकारी आणि सहकारी कामातल्या मंडळींसाठी एक गोष्ट. संस्थेने आधी ठराव केला, तीन दुकानांची दरपत्रकं घेतली, बिलावर डब्याचा सिरियल नंबर लिहून घेतला आणि डेडस्टॉक रजिस्टरला 'वापरलेला' अशी स्पष्ट नोंद केली. नव्याचं बिल अन् जुना माल असा प्रकार हिशेब तपासणीत फार महाग पडतो. ग्रामपंचायतींनी तर जुन्या मालाला हात घालण्यापूर्वी पंचायत समितीत लेखी विचारावं. तिथे खरेदीची रीत वेगळी आहे. बचत गट, उत्पादक कंपनी किंवा घरगुती वापर यांना ती अडचण नाही.

माळ्यावरची केबल खाली आली. फॅटचा आकडा आता मशीनमधून थेट पडद्यावर उतरतो. अण्णा तो वाचून उत्पादकाला मोठ्याने सांगतात, आणि मॉनिटर खिडकीकडे थोडा वळवलेला असल्याने कॅन घेऊन उभा असलेला माणूस स्वतःही वाचतो. ही खिडकीची कल्पना अण्णांचीच.

अण्णांना काढण्याचा विषय पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर आला नाही. गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आलं आहे. त्या बाईंनी मागच्या महिन्यात पुन्हा तक्रार केली, फॅट कमी लागते म्हणून. या वेळी आकडा बरोबरच उतरला होता, पण फॅटच्या मशीनची तपासणी बरेच दिवस झालेली नव्हती. ती करून घ्यायचं चेअरमननी कबूल केलं आहे. पुढच्या आठवड्यात मुरघासाचा खड्डा उघडायला मी तिकडे जाणारच आहे, तेव्हा विचारीन.