सप्ताहात पोरांना काय मिळतं?

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, रात्रंदिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. त्यासाठी दोन-दोन तासांचे पहारे लावतात आणि कुणाचा पहारा कधी, ते मंदिरातल्या फळ्यावर खडूनं लिहितात. बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या फळ्यावर मध्यरात्रीनंतरचे पहारे म्हाताऱ्या माणसांकडे होते, तर भर दुपारच्या पहाऱ्यांपुढे सातवी-आठवीतल्या पोरांची नावं होती. वीणा पोराच्या खांद्याला जड होते, म्हणून शेजारी एखादे आजोबा टाळ धरून उभे राहतात. पोराचा आवाज बसला की रामकृष्णहरीचा गजर आजोबा उचलतात. रागावणं नाही, शाबासकीही नाही. पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात वीणा घालायची, त्याच्या पाया पडायचं आणि पाणी प्यायला पळायचं.

हे गाव सप्ताह वैशाखात धरतं, कारण तोवर साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे गाळप हंगाम संपलेला असतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या घरी परतलेल्या असतात. सहा महिने फडावर काढलेली पोरं आणि आईबाप फडावर गेल्यामुळे आजीजवळ राहिलेली पोरं या आठवड्यात पुन्हा एकत्र येतात. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. या वेळापत्रकात पोराला कुठे ना कुठे हात घालायला जागा असतेच.

एक काम तर पोरांचंच ठरलेलं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, त्याशिवाय धूम घुमत नाही. आचाऱ्याकडून कणकेचा गोळा मागून आणायचं काम लहानग्यांचं. गोळा घट्ट असला तर मृदंगाचे महाराज म्हणतात, “माऊली, पाणी लावून मळ जरा.” मग पोरगं मांडी घालून कणीक मळतं. महाराज ती थापतात, थाप मारून ऐकतात, बोटभर काढून टाकतात, पुन्हा ऐकतात. काही दिवसांत पोराचा कानही तयार होतो. कणीक जास्त झाली हे महाराजांच्या आधी तेच सांगतं आणि महाराज ऐकतात. कीर्तन संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा सत्तरीचा माणूस दहा वर्षांच्या पोरापुढेही वाकतो. घरात आणि शाळेत पोराच्या वाट्याला असं किती वेळा येतं?

अशा अनुभवांचं पुढे काय होतं, हे एका अभ्यासानं पाहिलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २०१५ साली सहा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणाविषयी सात प्रश्न विचारले होते. क्रिस्टिना बेथेल आणि सहकाऱ्यांनी त्यावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. सातांतला एक प्रश्न होता, समाजाच्या परंपरांमध्ये भाग घ्यायला आवडायचं का? दुसरा, आईवडिलांखेरीज निदान दोन मोठी माणसं तुमच्यात मनापासून लक्ष घालायची का? असे चांगले अनुभव ज्यांच्या गाठीशी जास्त होते, त्यांच्यात नैराश्याचं आणि ढासळलेल्या मनःस्वास्थ्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं. लहानपणी वाईट सोसलेल्यांनाही या अनुभवांचा आधार दिसला. टाळ धरणारे आजोबा आणि कणीक मागणारे महाराज ही ती दोन माणसं होऊ शकतात.

पण कुणाच्या पोरांसाठी? फळ्यावर मुलीचं एकही नाव नव्हतं. हरिपाठात पावली खेळायला मुली पुढच्या रांगेत होत्या, मृदंगाजवळ मात्र नव्हत्या. पंगतीच्या चपात्या घरोघरच्या बायका लाटून देतात. कीर्तन रंगात येतं तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी घरी भांडी घासत असतात आणि त्यांची पंगत शेवटी बसते. आईला बसून ऐकायला न मिळालेली गोष्ट पोरगी आपली कशी मानेल?

दलित वस्तीवरच्या पोरांचंही तसंच. साने गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात उपोषण करून प्राण पणाला लावल्यावर पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं झालं. आज गावच्या पंगतीत सगळे बसतात. तरी वरणाची बादली कुणाच्या हातात देतात, हे पाहावं. पंगतीला बसवलेला पाहुणा असतो आणि वाढणारा घरचा.

यातलं बरंचसं पैसा न लागता बदलता येतं. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर गावकरी हिशोबाला बसतात आणि पुढच्या वर्षीचं तिथेच ठरतं. वर्गणी घरटी सारखी न लावता ऐपतीप्रमाणे धरावी, म्हणजे गरिबाचं पोरही हक्कानं पुढे येईल. चपात्यांचं काम पुरुषांनीही वाटून घ्यावं, म्हणजे बायका कीर्तनाला वेळेवर बसतील. वाढप्यांची यादी आळीआळीतून करावी. मृदंगाची शिकवणी मंदिराच्या उघड्या मंडपात, चार माणसांच्या डोळ्यांदेखत घ्यावी. पोरांची सुरक्षितता एकट्या महाराजांच्या चांगुलपणावर सोडू नये आणि पोरानं तक्रार केली तर ती दाबू नये. हिशोबाच्या वहीत बुंदीला किती साखर लागली हेही लिहिलेलं असतं. त्याच वहीत एक पान पोरांचं असावं. यंदा कुणाला काम मिळालं, कोण नुसतं बसून राहिलं, हे त्यावर लिहिलं तर पुढच्या वर्षीचा फळा कुठून भरायचा ते आपोआप कळेल.