गाडीचे बेल्ट: कधी बदलायचे आणि खर्च किती

मोटारीच्या इंजिनावर मुख्यतः दोन तऱ्हेचे रबरी पट्टे असतात. एक बॉनेट उघडल्यावर दिसतो. क्रँकच्या पुलीवरून फिरत तो डायनॅमो, एसीचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा वा कूलंटचा पंप चालवतो; गॅरेजमध्ये हा फॅन बेल्ट. दुसरा कव्हरआड असतो, दातेरी टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टचा एक फेरा हे गणित तो सांभाळतो आणि व्हॉल्व्हची उघडझाप त्यामुळेच वेळेवर होते.

फॅन बेल्ट आपली अवस्था सहसा आधीच कळवतो. सकाळी गाडी सुरू करताना, विशेषतः पावसाळी दमट हवेत, चिरकणारा आवाज येतो. बेल्ट सैल झालेला असतो, गुळगुळीत तरी झालेला असतो किंवा त्यावर तेल-कूलंट सांडलेले असते. जुन्या रबराला आडव्या भेगा पडत. हल्लीच्या ईपीडीएम रबराला त्या सहसा पडत नाहीत. त्याच्या खाचा झिजतात, म्हणून वरून चांगला दिसणारा बेल्टही घसरू शकतो. तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि एसी बंद पडतो. कूलंटचा पंप त्याच बेल्टवर असेल, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद केले पाहिजे. ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ म्हणून पुढे रेटले की इंजिन तापून हेड गॅस्केट उडते.

टायमिंग बेल्ट मात्र बहुधा न सांगता तुटतो. कॅमशाफ्ट थांबते, क्रँक वेगाच्या जोरावर फिरत राहते आणि अनेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते. पाच-सात वर्षे वयाचा बेल्ट ‘अजून चालतोय’ म्हणून तसाच ठेवणे हा मोठा धोका आहे. रबर किलोमीटरने झिजते तसे वयानेही कडक होते. मुदत इंजिनागणिक बदलते. साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

सगळ्याच गाड्यांना हा बेल्ट नसतो. मारुती ८००, पहिली सँट्रो, इंडिका डिझेल, डस्टर डिझेल यांना तो आहे. मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनात आणि स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलमध्ये साखळी आहे. साखळीला अशी मुदत नसते, पण इंजिन ऑइल वेळेवर बदलले नाही तर तीही सैल होते.

खर्चात नुसत्या बेल्टची किंमत हा लहान भाग असतो. फॅन बेल्ट काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत मिळतो आणि काम बहुधा तासाभरात उरकते. टायमिंग बेल्टला मात्र इंजिनाची एक बाजू मोकळी करावी लागते. माउंटिंग सोडून इंजिन जॅकवर पेलायचे, क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवायच्या, बेल्ट चढवून टेन्शनर लावायचा आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे. हा शेवटचा टप्पा गाळणाऱ्या मेकॅनिककडे काम देऊ नये. एक दात चुकला तरी गाडी ओढत नाही, जास्त चुकले तर व्हॉल्व्हच वाकतात.

मजुरी एवढी पडत असल्याने टेन्शनर आणि आयडलर बेअरिंगही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. डस्टर डिझेलसारख्या गाडीत कूलंटचा पंप याच बेल्टवर चालतो, तोही सोबत घ्यावा. वर्षभराने तो गळू लागला तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर ते सीलही बदलावे, कारण तेलाने नवा बेल्टही फुगून खराब होतो. लहान पेट्रोल गाडीचे सगळे काम काही हजारांत बसते, डिझेलला पूर्ण किट आणि पंप धरून दहा-वीस हजार लागू शकतात. वाकलेल्या व्हॉल्व्हचे काम याच्या कितीतरी पट महाग पडते. बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी मागावी, जुने भाग परत घ्यावेत आणि बदलल्याची तारीख व किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून घ्यावेत.

जुनी गाडी विकत घेताना विक्रेत्याने ‘बेल्ट बदललाय’ म्हटले तरी बिल दाखवायला सांगावे. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असेच धरून हा खर्च व्यवहाराच्या किमतीतून वजा करावा.